निरोपसमारंभाची निमंत्रणपत्रिका : निवड, मजकूर आणि वाटप

पदवीदान हा शब्द मूळचा विद्यापीठाचा. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, आणि १८६२ साली तेथून बी. ए. होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. प्राथमिक शाळेत अशी पदवी नसते. तथापि ज्या घरात आजवर कोणी पाटीवर अक्षर गिरवले नाही, त्या घरातील मूल जेव्हा गावच्या शाळेतील शेवटची इयत्ता पूर्ण करते, तेव्हा त्या घराच्या दृष्टीने तो प्रसंग पदवीदानाहून कमी महत्त्वाचा नसतो. एके काळी व्हर्नाक्युलर फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य गावात मान मिळवीत असे, आणि शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या नोकरीस पात्र ठरत असे. ते दिवस मागे पडले. परंतु शाळेचा शेवटचा दिवस घराने आणि शाळेने मिळून साजरा करावा, ही इच्छा मागे पडलेली नाही.

अलीकडे काही ठिकाणी बालवाडीतील चिमुकल्यांनाही काळे झगे व चौकोनी टोप्या घालून ‘पदवीदान’ करण्याची हौस दिसून येते. तिचे अनुकरण करून छापखान्यातून झगझगीत पत्रिका आणण्याचा मोह ग्रामीण शाळांनाही होऊ लागला आहे. यास्तव निरोपसमारंभाची पत्रिका कशी निवडावी, तीत काय लिहावे, ती कोणाच्या नावे काढावी आणि कशी पोचवावी, याचा विचार येथे क्रमाने केला आहे.

१. पत्रिकेचे प्रयोजन

पत्रिकेची निवड करण्यापूर्वी ती कशासाठी हवी, हे शिक्षकाच्या मनात स्पष्ट असावे. लग्नपत्रिकेचे काम वार्ता कळविणे व मान देणे एवढेच असते. शाळेच्या पत्रिकेवर तिसरे एक काम येऊन पडते. चौथी, पाचवी, सातवी किंवा आठवी, यांपैकी जी इयत्ता गावच्या शाळेत शेवटची असेल, तिच्यानंतर मुलास दुसऱ्या शाळेत जावे लागते. ती शाळा कधी पलीकडच्या गावात असते, कधी ओढ्यापलीकडे, कधी तालुक्याच्या ठिकाणी. गळती होते ती बहुधा याच वळणावर. जूनमध्ये ‘पुढे बघू’ असे म्हटले जाते, पेरणी येते, धाकटे भावंड सांभाळायचे असते, आणि पुढच्या वर्षी त्या मुलाचे नाव कोणत्याच शाळेच्या हजेरीपटावर नसते. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यान्वये सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास प्राथमिक शिक्षण, म्हणजे इयत्ता आठवीपर्यंतचे शिक्षण, पूर्ण करण्याचा हक्क आहे. चौथीचा किंवा सातवीचा निरोप हा शिक्षणाचा निरोप नव्हे. तो केवळ इमारतीचा निरोप होय. ही गोष्ट पालकांस समजावून सांगण्याची संधी शिक्षकास समारंभाच्या दिवशी लाभते. आणि पालक त्या दिवशी येतील की नाही, हे पुष्कळ अंशी पत्रिकेवर अवलंबून असते. म्हणून पत्रिका शोभेची वस्तू न समजता शाळेच्या कामाचे एक साधन समजावी.

२. पत्रिका कोणाच्या नावे काढावी

पत्रिकेतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे मायना. कागद साधा असला तरी चालतो, अक्षर थोडे वेडेवाकडे असले तरी चालते. नाव चुकले तर मात्र पत्रिका न दिलेली बरी.

‘श्री. व सौ.’ असा छापील मायना ठेवून पुढे वडिलांचे नाव भरण्याचा प्रघात सर्वत्र आहे. चाळीस मुलांच्या वर्गात तो तीस-पस्तीस घरांना लागू पडतो. उरलेल्या घरांचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ज्या मुलीचे वडील वारले आहेत, तिच्या हाती अशी पत्रिका पडली म्हणजे ती घरी देऊ की नको, या विचारात ती ती दप्तराच्या तळाशी घालून ठेवते. आईला कळतच नाही की शाळेने बोलावले होते. समारंभाच्या दिवशी ती मुलगी एकटी उभी राहते, आणि ‘या बाईंना मुलीच्या शिक्षणाची आस्था नाही’ असा शेरा कोणीतरी मारतो. दोष आईचा नसतो, दोन छापील अक्षरांचा असतो.

शुभकार्यातून विधवा स्त्रीला बाजूला ठेवण्याची रूढी गावोगावी अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे सुचविले. ग्रामपंचायतीने जे ठरावाने करावयाचे, ते शाळेला एका पत्रिकेने करता येते. आईच्या नावाने आलेले बोलावणे तिला समारंभात मानाने बसण्याचा अधिकार देते.

तर मग मायना कसा असावा? ‘सौ.’ सोडून सर्वत्र ‘श्रीमती’ लिहावे, असे काही सुचवितात. सरकारी लेखनात ‘श्रीमती’ हे कोणत्याही स्त्रीच्या नावापूर्वी लिहिले जाते हे खरे. परंतु कित्येक गावांत हा शब्द विधवेसाठीच आहे अशी समजूत आहे, आणि त्यामुळे सुवासिनीचे मन दुखावते. उपाधी अजिबात न लावता नाते लिहिणे हा यातील सर्वांत निर्वेध मार्ग होय. ‘(मुलीचे नाव) हिची आई (नाव) व वडील (नाव) यांस’ असा मायना केल्यास कोणाचाही उपमर्द होत नाही. जेथे एकच पालक आहे तेथे एकच नाव लिहावे. दुसरी जागा रिकामी ठेवू नये. रिकामी रेघ ही रिकाम्या पाटासारखी डोळ्यांत भरते. याच कारणास्तव मायना छापून न घेता हातानेच लिहावा, म्हणजे प्रत्येक घरापुरता तो बदलता येतो.

आईचे नाव आधी लिहिण्यात काही विशेष धाडस नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम आला आहे. ही बालके पहिलीच्या वर्गात येतील तेव्हा हजेरीपटावर हाच क्रम दिसेल. पत्रिकेत तो आजच स्वीकारण्यास हरकत नाही.

मुलाचा सांभाळ आईबापच करतात असेही नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मूल आजीपाशी राहते, किंवा हंगामी वसतिगृहाच्या आश्रयाने शाळेत टिकते. सहा महिने जिने भाकरी करून घातली, केस विंचरले, अंगात ताप असताना रात्र काढली, ती आजी हीच त्या मुलाची पालक होय. आईबापांबरोबर तिचेही नाव मायन्यात असावे. मामा, आत्या, मोठी बहीण यांच्याकडे वाढणाऱ्या मुलांविषयीही हेच म्हणता येईल.

ही माहिती मिळविण्यासाठी वर्गात सर्वांसमोर मुलांना उभे करून विचारू नये. ‘तुझे वडील काय करतात?’ हा प्रश्न चाळीस मुलांच्या देखत काही मुलांस फार जड जातो. फेब्रुवारी महिन्यात घरभेटी होतात, त्या वेळी एका वहीत पुढीलप्रमाणे नोंदी घ्याव्यात : मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती, घरात कोणास वाचता येते, घरात कोणती बोली बोलतात, कुटुंबाचा सध्याचा मुक्काम, दूरध्वनी क्रमांक. ही वही शिक्षकाजवळच राहावी. पत्रिकेच्या निमित्ताने केलेली ही यादी पुढे शाळा सोडल्याचा दाखला पोचविण्याच्या कामीही येते.

३. मजकूर

‘निमंत्रण’ आणि ‘आमंत्रण’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. संस्कृत व्याकरणपरंपरेने मात्र त्यांत भेद केला आहे : जे स्वीकारलेच पाहिजे ते निमंत्रण, आणि जे स्वीकारणे वा न स्वीकारणे ऐच्छिक ते आमंत्रण. हा भेद ध्यानी घेतल्यास शाळेच्या पत्रिकेस ‘निमंत्रण’ हाच शब्द शोभतो. पालक आले नाहीत तरी चालेल, असे ज्या बोलावण्यात गृहीत धरलेले असते त्यास पालक येत नाहीत.

मजकूर थोडका असावा. तो वाचून पालकास पाच गोष्टी कळल्या पाहिजेत : बोलावणे कोणाचे आहे, कशासाठी आहे, केव्हा, कोठे, आणि येताना काय आणावयाचे. यांपैकी एकही गोष्ट अलंकारिक वाक्यात दडता कामा नये. ‘ज्ञानमंदिराच्या प्रांगणात संपन्न होणाऱ्या सोहळ्यास आपली प्रार्थनीय उपस्थिती’ असे लिहिण्यापेक्षा ‘शाळेच्या पटांगणात सकाळी आठ वाजता’ असे लिहिणे अधिक सभ्यपणाचे आहे, कारण ते वाचणाऱ्यास समजते.

पाहुण्यांच्या नावांविषयी संयम राखावा. कित्येक पत्रिकांत अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती अशा मथळ्यांखाली वीस-पंचवीस नावे येतात, आणि ज्या मुलांसाठी समारंभ आहे त्यांचे नावही कोठे नसते. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावरून गावात रुसवेफुगवे होतात ते वेगळेच. पत्रिका मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष या दोघांच्या नावे निघावी. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे उपरोक्त अधिनियमच सांगतो. तेव्हा समितीचे बोलावणे म्हणजे पालकांनी पालकांना केलेले बोलावणे ठरते. पाहुणे एक किंवा दोन पुरेत. मागच्या पानावर मात्र शाळा सोडणाऱ्या सर्व मुलांची नावे द्यावीत. ती गुणानुक्रमे न देता अकारविल्हे द्यावीत. मुलगे आधी व मुली नंतर असाही क्रम नसावा. मुलगा उत्तीर्ण होण्याच्या काठावर असला तरी त्याचे नाव छापलेले पाहून त्याच्या बापास जो आनंद होतो, तो शाळेने हिरावून घेऊ नये.

जिल्हा परिषदेची शाळा सर्व धर्मांच्या मुलांची आहे. लग्नपत्रिकेप्रमाणे माथ्यावर देवतेचे नाव वा चित्र घालण्याची सवय हातास असते, म्हणून ते नकळत येते. त्याऐवजी शाळेचे नाव व तिचे स्थापनावर्ष लिहावे. ज्या शाळेत आजोबा शिकले तिचे वर्ष पाहून पुष्कळांना बोलावयास विषय मिळतो.

शुद्धलेखनाकडे विशेष लक्ष पुरवावे. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या लेखनविषयक नियमांपैकी चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम शिक्षकांस पाठ असतात. चुका होतात त्या घाईमुळे. ‘आशीर्वाद’ याचे ‘आर्शिवाद’, ‘विद्यार्थिनी’ याचे ‘विद्यार्थीनी’ आणि ‘शुभेच्छा’ याचे ‘शुभेच्च्छा’ झालेले पुष्कळ पत्रिकांत आढळते. शाळेच्या पत्रिकेतील चूक गावभर फिरते आणि वर्षभर भिंतीवर राहते. यास्तव कच्चा मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावाचून छपाईस किंवा नकलेस देऊ नये. नावे तर हजेरीपटाशी एकेक ताडून पाहावीत.

४. दिवस व वेळ

निकाल १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, लावण्याचा प्रघात आपल्या शाळांत दीर्घकाळ चालत आला आहे. निरोपसमारंभ काही शाळा वार्षिक परीक्षेपूर्वी करतात, तर काही निकालाच्या दिवशी. ज्या गावांतून ऊसतोडीस कुटुंबे जातात तेथे निकालाचा दिवस अधिक सोयीचा, कारण बहुतेक कारखान्यांचा हंगाम तोवर आटोपून माणसे परतू लागलेली असतात. इतरत्र परीक्षेपूर्वीचा दिवस चालेल. पत्रिकेवर दिवस घालण्यापूर्वी आठवडी बाजाराचा वार, गावची जत्रा, मोठी लग्नतिथी आणि पाण्याच्या टँकरची वेळ या चार गोष्टी पाहाव्यात.

वेळेविषयी एक गोष्ट सदैव स्मरणात असावी. अकरा वाजताचा समारंभ मजुरी करणाऱ्या घरास एका दिवसाच्या रोजाला पडतो. आईने रोज बुडवून यावे ही अपेक्षा करण्याऐवजी समारंभ सकाळी सात-आठच्या सुमारास किंवा सायंकाळी ऊन उतरल्यावर ठेवावा, आणि तो किती वाजता संपेल हेही पत्रिकेत लिहावे. संपण्याची वेळ लिहिणे हा आपल्याकडे रिवाज नाही. परंतु ज्यास कामावर जावयाचे आहे त्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची असते. आणि लिहिली की ती पाळली पाहिजे.

५. कागद, आकार आणि अक्षर

दुकानात मिळणाऱ्या तयार पत्रिका पुष्कळदा लाल कागदावर सोनेरी शाईच्या असतात. त्या हातात छान दिसतात, पण दिव्याच्या उजेडात वाचता येत नाहीत. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या कागदावर काळे अथवा गडद निळे अक्षर, ही जोडी डोळ्यांस सर्वांत सुखकर होय. छापील अक्षर चौदा पॉइंटांहून लहान नसावे. एका इंचाचे बहात्तर पॉइंट होतात, म्हणजे चौदा पॉइंटांची उंची वेलांट्या-उकारांसह सुमारे पाच मिलिमीटर भरते. चाळिशी लागलेल्या आणि चष्मा नसलेल्या माणसाला याहून बारीक अक्षर लागत नाही.

आकाराच्या बाबतीत नित्याचा ए-४ कागद सोयीचा आहे. तो २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. तो मधोमध कापला म्हणजे दोन तुकडे होतात; प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध दुमडला की चार पानांची, सुमारे हाताच्या पंजाएवढी पत्रिका तयार होते. दर्शनी पानावर चित्र, आतील दोन पानांवर मायना व मजकूर, आणि मागे मुलांची नावे, अशी विभागणी नीट बसते. कागदाची जाडी ‘ग्रॅम दर चौरस मीटर’ या मापाने सांगतात. वहीचा किंवा छायाप्रतीचा कागद सत्तर-ऐंशी ग्रॅमचा असतो. पत्रिकेसाठी १८० ते २०० ग्रॅमचा घ्यावा, म्हणजे ती उभी राहते व चुरगळत नाही. याहून जाड कागद दुमडताना घडीवर फाटतो.

६. खर्चाचा हिशेब

समजा, वर्गात २८ मुले आहेत. प्रत्येक घरास एक याप्रमाणे २८. समितीचे सदस्य, पुढील शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडीसेविका, माजी शिक्षक व पाहुणे मिळून १२. चुकल्यामाकल्यासाठी राखीव ५. एकूण ४५ पत्रिका झाल्या. एका कागदाच्या दोन याप्रमाणे २३ कागद लागतील. छापखान्यातून थोड्या पत्रिका घेणे नेहमी महाग पडते, कारण जुळणीचा खर्च पत्रिका पन्नास काढल्या काय आणि पाचशे काढल्या काय, तेवढाच येतो. शाळेने २३ कागद आणून मजकुराच्या प्रती तेथेच काढल्या तर हा खर्च नगण्य होतो.

हा खर्च मुलांकडून वर्गणी काढून करू नये. दहा-वीस रुपयांनी काय होते, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण ज्या घरात ते नसतात त्या घरचे मूल त्या दिवसापासून शाळेत येईनासे होते, आणि मोफत शिक्षणाच्या कायद्याचा हेतूही त्यामुळे बाधित होतो. गावातील कोणी दानशूर गृहस्थ पत्रिका छापून देण्यास पुढे आल्यास त्यांचे सहर्ष आभार मानावेत. मात्र पत्रिकेवर दुकानाची जाहिरात येणार नाही, हे आधीच नम्रपणे सांगावे.

७. मुलांचे हात

खालच्या वर्गातील मुलांनी आपल्या जाणाऱ्या सोबत्यांसाठी पत्रिकांची चित्रे काढावीत, हा उपक्रम सर्वांत उत्तम. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून उमटविला की पाकळ्यांचे फूल होते. पिंपळाच्या पानाच्या शिरांवर रंग लावून ते कागदावर दाबले की जाळी उमटते. पालघर-डहाणूकडील मुलांना वारली चित्रे काढता येतील. प्रत्येक पत्रिका किंचित निराळी होते, आणि हेच तिचे मोल होय.

या कामात अनेक पाठ सहज साधतात. कागद किती लागतील हे गणित, मायना कसा लिहावा ही भाषा, घरोघर वाटपासाठी वस्त्यांचा नकाशा काढणे हा परिसर अभ्यास. सातवी-आठवीच्या मुलांस कच्चा मजकूर देऊन ‘यातून कोणते शब्द काढले तरी अर्थ राहतो?’ असे विचारावे. लेखनाचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडणे कठीण.

८. पत्रिका पोचविणे

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. लग्नाची अक्षत घेऊन माणूस दारोदार जाई. हळदीकुंकवाचे बोलावणे सासूसुनेच्या मुखानेच होई. कागद नंतर आला. मुखाने केलेल्या बोलावण्याचे वजन आजही कागदाहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ७६ टक्के आढळली; म्हणजे दर चार स्त्रियांत एक निरक्षर होती. ज्या पिढीच्या आज्या आज नातवंडे सांभाळतात तीत हे प्रमाण आणखी जास्त असणार. अशा घरी पत्रिका देताना ती वाचून दाखवावी. ते काम त्या घरच्या मुलानेच करावे हे अधिक गोड. मूल आईपुढे बसून शाळेने तिला लिहिलेले पत्र खणखणीत वाचते, तेव्हा इतक्या वर्षांच्या शिक्षणाचे फळ तिला आपल्या दारात दिसते. म्हणून वाटपाच्या आदल्या दिवशी वर्गात प्रत्येक मुलाकडून आपापली पत्रिका दोनदा वाचवून घ्यावी.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली व पावरी बोलणारी घरे आहेत. तेथे कागदावरील मजकूर मराठी असला तरी तोंडी निमंत्रण मुलाने आपल्या घरच्या बोलीतच करावे. ते काय बोलावे हे वर्गातील मुलांनीच मिळून ठरवावे. शिक्षकास ती बोली येत नसली तर शिकण्याचीही ती संधी होय.

परगावी असलेल्या आईबापांस दूरध्वनी करावा. पत्रिकेचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठविणे सोपे आहे, आणि तसे पाठवावेही. पण केवळ गटावर टाकलेले चित्र म्हणजे निमंत्रण नव्हे. ते सर्वांना असते, म्हणून कोणालाच नसते. मुलांची जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र असा तपशील मात्र अशा सार्वजनिक गटांवर टाकू नये.

पत्रिका समारंभाच्या आठ दिवस आधी घरी पोचावी, आणि आदल्या सायंकाळी मुलांनी पुन्हा एकवार तोंडी आठवण द्यावी. पंधरा दिवस आधी दिलेली विसरली जाते. आदल्या दिवशी दिलेलीचा राग येतो.

९. मजकुराचा नमुना

पुढील नमुना शाळांनी आपापल्या सोयीप्रमाणे बदलून घ्यावा.

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ________
(स्थापना : ________)

________ हिची/याची आई ________, वडील ________ व आजी ________ यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने/मुलाने या शाळेतील शेवटची इयत्ता पूर्ण केली आहे. तिला/त्याला निरोप देण्यासाठी आणि पुढील शाळेसाठी शुभेच्छा देण्यासाठी आपण यावे, ही आग्रहाची विनंती. आपली खुर्ची राखून ठेवली आहे.

दिवस : ________ वेळ : सकाळी ८ ते ९.३०
ठिकाण : शाळेचे पटांगण

पुढील शाळेचे गुरुजी त्या दिवशी येणार आहेत. प्रवेशाचा व दाखल्याचा अर्ज तेथेच भरून मिळेल. आधारपत्र जवळ असल्यास सोबत आणावे. नसल्यासही अवश्य यावे.

आपले,
मुख्याध्यापक
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती

यातील ‘नसल्यासही अवश्य यावे’ हे शब्द गाळू नयेत. कागद नाही म्हणून घरी राहिलेल्या पालकांची संख्या शिक्षकांच्या कल्पनेहून मोठी असते.

१०. समारंभाच्या दिवशी व त्यानंतर

पत्रिकेत जे वचन दिले ते पाळले जावे. खुर्ची राखली असे लिहिले तर पहिल्या रांगा पालकांच्या असाव्यात आणि पाहुणे त्यांच्यामागे बसावेत. प्रगतिपुस्तक मुलाच्या हाती न देता आईच्या किंवा आजीच्या हाती द्यावे, व तिचे नाव मोठ्याने पुकारावे. पुढील शाळेच्या शिक्षकांनी प्रवेशाची यादी तेथल्या तेथे करावी. दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या बालकास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला या कारणावरून पुढील शाळेने प्रवेश नाकारता कामा नये, असे उपरोक्त अधिनियमाचे पाचवे कलम सांगते. हेही पालकांस सांगावे. ज्या शाळेची शेवटची इयत्ता आठवी आहे तेथे प्राथमिक शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळणे हा मुलाचा हक्क आहे. पुढील शाळा दूर असल्यास ग्रामीण मुलींसाठी असलेल्या एस. टी. च्या मोफत प्रवासाच्या अहिल्याबाई होळकर योजनेची माहिती याच वेळी द्यावी. दहा मिनिटांच्या या माहितीने एखादे भाषण कमी करावे लागले तर करावे.

समारंभ आटोपल्यावर फेब्रुवारीत केलेली वही पुन्हा काढावी. कोण आले, कोण आले नाही, कोणाचा प्रवेश झाला, कोणाचा राहिला, याची खूण प्रत्येक नावापुढे करावी. जी घरे आली नाहीत तेथे राहिलेली पत्रिका, प्रगतिपुस्तक आणि दाखल्याचा अर्ज घेऊन शिक्षकाने त्याच आठवड्यात जाऊन यावे. बहुधा तेथे काही विशेष कारण असते : कोणी आजारी असते, कोणी कामावर गेलेले असते, कोणाला वाटलेले असते की हे बोलावणे आपल्यासाठी नाही. त्या शेवटच्या घरचे मूल जूनमध्ये पुढील शाळेच्या हजेरीपटावर दिसले, म्हणजे पत्रिकेचे काम पुरे झाले असे समजावे.